निदान होईपर्यंत हात बांधून बसायचं का?

एका वडिलांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

त्यांची मुलगी तीन वर्षं चार महिन्यांची आहे. वीस-पंचवीस शब्द बोलते, पण दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर कधी वळून बघते, कधी बघतच नाही. काही हवं असलं की वडिलांचं बोट धरून ओढत फळीपाशी नेते आणि त्यांचा हात वस्तूकडे ढकलते. साबणाच्या फुग्यांची बाटली तिची सगळ्यांत लाडकी. दोन महिन्यांपूर्वी बालवाडीच्या बाईंनी ‘एकदा दाखवून घ्या’ असं सुचवलं आणि तेव्हापासून घरात दोन तट पडले. आई म्हणते, एकदा कागदावर काही लिहिलं गेलं की मुलीवर जन्माचा शिक्का बसेल. आजी म्हणते, ‘तूही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतास, काही अडलं का तुझं?’ वडील रोज रात्री सगळे झोपल्यावर केंद्रं शोधत बसतात. एका केंद्राने आठवड्याला तीस तासांचा कार्यक्रम सांगितला. दुसऱ्याने सहा महिन्यांत बोलतं करण्याची हमी दिली. तिसऱ्या ठिकाणी मुलांच्या विकासातले तज्ज्ञ डॉक्टर आहेत, पण तिथे चार महिने थांबावं लागणार आहे. त्यांचे प्रश्न तीन. पत्नीला न सांगता मुलीला तपासून आणू का? यांतलं कोणतं केंद्र निवडू? आणि पहिली तीन वर्षं तर गेलीच, म्हणजे उशीर झाला का?

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोन प्रश्नांतली घालमेल त्याच्यातूनच आलेली दिसते.

नाही, उशीर झालेला नाही. लहान वयात मेंदू झपाट्याने घडत असतो आणि त्या काळात मिळालेली मदत जास्त खोल रुजते, हे खरं आहे. पण तिसऱ्या वाढदिवसाला कुणी दाराला कुलूप लावत नाही. मुलं चौथ्या वर्षी शिकतात, सहाव्या वर्षी शिकतात, त्यानंतरही शिकत राहतात. ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ ‘कळल्यावर वेळ न दवडता’ एवढाच घ्या. तुम्हाला दोन महिन्यांपूर्वी कळलं, आज तुम्ही पत्र लिहिलंत. हे लवकरच आहे.

एका बाबतीत मात्र घड्याळ खरोखर कडक असतं, ते म्हणजे कान. जन्मतःच कमी ऐकू येणाऱ्या बाळांसाठी तज्ज्ञ ‘एक-तीन-सहा’ असा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या मुलांवरचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात फार महत्त्वाचा मानला जातो. ज्यांचं कमी ऐकू येणं सहा महिन्यांच्या आत लक्षात आलं, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती. कान बंद असेल तर भाषेला आत यायला वाटच नसते, आणि ती वाट कशी मोकळी करायची हे तर आपल्याला माहीत आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की चार महिन्यांच्या रांगेत नाव घाला, पण कानाची तपासणी त्या रांगेवर अवलंबून ठेवू नका. ती याच आठवड्यात ठरवा.

तुमच्या मनात येईल, ती तर दूरच्या खोलीतून गाणं लागलं की धावत येते, मग कानात काय दोष असणार? मी हे वाक्य इतक्या घरांतून ऐकलं आहे की आता त्याची धास्तीच वाटते. कमी ऐकू येणं म्हणजे सगळंच ऐकू न येणं नव्हे. काही मुलांना जाड, खालचे आवाज नीट येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज निसटतात. त्यांना कुणी बोललं हे कळतं, काय बोललं हे धूसर राहतं. काही मुलांच्या पडद्यामागे सर्दीनंतर पाणी साठतं, ते कमी-जास्त होत राहतं, आणि मूल एका दिवशी हाकेला ओ देतं, दुसऱ्या दिवशी देत नाही. घरचे म्हणतात, हट्टी आहे. तुमच्या मुलीच्या ‘कधी बघते, कधी बघत नाही’ यामागे हेच असेल असं मी म्हणत नाही. खेळात रमून जाणं, माणसांशी संवाद साधण्याची वेगळी रीत, अशी आणखीही कारणं असू शकतात. पण पुढचा कुणीही तज्ज्ञ पहिला प्रश्न कानाचाच विचारणार आहे. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक आली असली तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, काही मुलांच्या श्रवणात नंतरही फरक पडतो.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, तीन-चार तऱ्हेच्या तपासण्या असतात. टिम्पॅनोमेट्रीत पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं. ओएई या तपासणीत कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी आवाजाला प्रतिसाद देतात का ते दिसतं. बेरा तपासणी बहुधा मूल झोपेत असताना करतात आणि आवाजाचा संकेत कानापासून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते पाहतात. तीन वर्षांच्या मुलांची खेळातूनही तपासणी होते, आवाज आला की टोपलीत ठोकळा टाकायचा. बेरा करायची असेल तर वेळ घेतानाच विचारून घ्या की मुलीला झोपेच्या वेळेला आणायचं का. तिची रोजची झोप त्या वेळेशी जुळवली तर सगळ्यांचीच फरफट वाचते. आणि एका फेरीत डोळेही तपासून घ्या.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाबद्दल बोलू या. तुम्ही असं धरून चाललात की आधी निदान, मग केंद्र, मग उपचार, आणि तोवर चार महिने नुसती वाट पाहायची. प्रत्यक्षात हा क्रम असाच असावा लागत नाही.

या क्षेत्रात तीन वेगळ्या गोष्टींची फार सरमिसळ होते. पहिली चाळणी, म्हणजे थोडक्या प्रश्नांतून ‘आणखी बघायला हवं का’ एवढंच ठरवणं. दुसरं मूल्यमापन, म्हणजे मुलीला काय जमतं, काय जमत नाही, कुठल्या मदतीने जमतं, हे समजून घेणं. तिसरं निदान, म्हणजे त्या चित्राला नाव देणं. नाव द्यायला वेळ लागतो आणि तो लागावाही, घाईने दिलेलं नाव कुणाच्याच कामाचं नसतं. पण दोन शब्द जोडता यावेत, हातवाऱ्यांनी मागता यावं, सूचना समजावी यासाठीची मदत नावावाचून सुरू होते. पडलेल्या मुलाचं खरचटलेलं ढोपर आपण आधी धुतो, कुठल्या दगडाला लागलं ते नंतर विचारतो. स्पीच थेरपिस्ट तुमच्या मुलीला आज जशी आहे तशी पाहून काम सुरू करू शकते. चार महिन्यांनी डॉक्टरांची वेळ येईल तेव्हा तुमच्या हातात तिच्या चार महिन्यांच्या नोंदी असतील आणि डॉक्टरांना तुमच्या आठवणींवर विसंबावं लागणार नाही.

रात्री फोनवर ज्या प्रश्नावल्या तुम्ही भरत असाल, त्या मात्र बंद करा. ऑटिझम म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची आणि भोवतालाला प्रतिसाद देण्याची मुळातच वेगळी घडण. त्याच्या चाळणीसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी एम-चॅट ही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी बनलेली आहे. तुमची मुलगी ४० महिन्यांची. त्यातून मिळालेल्या गुणांवरून ना धीर धरता येईल, ना धसका घेता येईल.

तोवर तुम्ही काय करू शकता? एक वही घाला. तिचे सगळे शब्द लिहा, ती जशी उच्चारते तसे. कुठल्या सूचना हातवाऱ्याशिवाय समजतात ते लिहा. फोनवर दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती घ्या: एकटी खेळताना, कुणासोबत खेळताना, काही मागताना, नाव घेऊन हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत मूल अनेकदा आईला चिकटून बसतं आणि घरातलं काहीच दाखवत नाही. अशा वेळी या चित्रफिती डॉक्टरांना अर्धं उत्तर देऊन जातात. आणि एक गोष्ट अगदी रांग न पाहता सांगण्याची आहे. आधी येणारे शब्द बंद झाले असतील, आधी हात हलवून टाटा करायची आणि आता करत नसेल, मध्येच टक लावून हरवल्यासारखी होत असेल किंवा झटके येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच गाठा. कमावलेलं हरवणं ही वाट पाहण्याची बाब नाही.

आता आजी. त्यांचं बोलणं झटकून टाकू नका. काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे बरोबरीला येतात. दोन वर्षांच्या मुलाबद्दल, ज्याला समजतं सगळं, जे बोटाने दाखवतं, नकला करतं, अशा आशेला जागा असते. पण कोणतं मूल आपणहून बरोबरीला येईल हे आधी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. ज्यांनी वाट पाहिली आणि सगळं ठीक झालं, त्यांच्या गोष्टी समारंभात सांगितल्या जातात. ज्यांनी वाट पाहिली आणि ठीक झालं नाही, ते अशा गोष्टी सांगत बसत नाहीत. शिवाय तीन वर्षं उलटल्यावर दोन शब्द जुळत नसतील तर बघूनच घ्यावं, यावर या क्षेत्रात फारसं दुमत नाही.

आजींच्या वाक्याकडे मी आणखी एका तऱ्हेने पाहते. ‘तूही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतास’ हा दिलासा म्हणून आलेला शब्द आहे, पण डॉक्टरांच्या दृष्टीने तो मोलाचा कौटुंबिक इतिहास आहे. भाषेतला उशीर घराण्यात असणं ही जपून नोंदवायची माहिती. आजींनाच विचारा, तुम्ही कधी काय बोललात, शाळेत वाचायला त्रास झाला का, आणखी कुणी उशिरा बोललं का. वहीत त्यांच्यासाठी एक पान ठेवा. ज्या माणसाचं म्हणणं लिहून घेतलं जातं, तो सहसा वाटेत आडवा येत नाही. आणि ‘काही अडलं का’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हीही स्वतःला विचारून बघा. त्या पहिल्या चार वर्षांत तुम्हाला काही सांगायचं असून सांगता येत नव्हतं, ते कसं वाटायचं?

पत्नीला न सांगता मुलीला नेऊ नका.

कारण नात्यातला विश्वास वगैरे आहेच, पण त्याहून साधं कारण म्हणजे हे काम दोन माणसांचं आहे. तज्ज्ञ आठवड्यातून एक-दोन तास भेटेल, उरलेला सगळा वेळ मुलगी तुमच्या दोघांच्या हातात आहे. ज्या आईला निकाल नंतर कळतो, ती पुढची कित्येक वर्षं त्या निकालाशी भांडत राहते. आणि तुमच्या पत्नीची भीती खोटी नाही. मुलांवर शिक्के बसतात, शाळा प्रवेश नाकारतात, नातेवाईक कुजबुजतात, ‘बिचारी’ म्हणतात. ही भीती तुम्ही आजवर खोडून काढत आला असाल. एकदा ती पूर्ण ऐकून घ्या. तिला नेमकं कुणाच्या नजरेचं भय आहे, कुठल्या दिवसाचं भय आहे, ते विचारा. कदाचित तिने लहानपणी कुठल्या तरी मुलाला वर्गाबाहेर बसवलेलं पाहिलं असेल.

मग एवढंच मांडा: तपासणीचा अहवाल आपल्या मालकीचा असतो. तो शाळेला दाखवायचा की नाही, नातेवाइकांना सांगायचं की नाही, हे आपण ठरवणार. आणि कागद केला नाही म्हणून शिक्का टळत नाही. जी मुलगी हाकेला वळत नाही तिला लोक आजच ‘आगाऊ’ म्हणत असतील, जी मागता न आल्याने आरडाओरडा करते तिला ‘हट्टी’, ‘लाडावलेली’ म्हणत असतील, आणि तिच्या आईला काय म्हणत असतील ते तर तुमच्या पत्नीलाच ठाऊक. हे शिक्के विनाकागदी बसतात आणि त्यांच्यातून कुठलीच मदत मिळत नाही. निदानाच्या शब्दाने किमान सेवांची दारं तरी उघडतात. एवढं बोलूनही त्या तयार झाल्या नाहीत तर भांडण मोठं करू नका, फक्त कानाच्या तपासणीपुरतं एकमत मागा. कान तपासण्यात कुणालाच लाज वाटत नाही. पहिलं पाऊल दोघांनी मिळून टाकलं की दुसरं सोपं जातं.

केंद्र निवडण्याआधी सार्वजनिक व्यवस्था काय देते ते बघा. खासगी जाहिराती फोनवर आधी दिसतात, सरकारी सोयी शोधून काढाव्या लागतात. तुम्ही कुठे राहता ते पत्रात नाही आणि माझे वाचकही अनेक देशांत आहेत, म्हणून दोन उदाहरणं देते. भारतात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यातली फिरती पथकं अंगणवाड्यांत तपासणी करतात आणि विकासात उशीर दिसला तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) या केंद्राकडे पाठवतात. एकाच छताखाली बालरोगतज्ज्ञ, श्रवण-वाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक असावेत ही त्यामागची कल्पना. सगळ्या जिल्ह्यांत सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही, म्हणून जाण्याआधी कोण कोणत्या वारी असतं ते विचारा. खासगी स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षकाकडे जाताना अशा व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, विचारण्यात संकोच नको. अमेरिकेत तिसऱ्या वाढदिवसापर्यंत एक व्यवस्था आणि त्यानंतर दुसरी. तुमच्या मुलीच्या वयाला तिथल्या सरकारी शाळांच्या जिल्हा कार्यालयाकडे जावं लागतं. मूल त्या शाळेत जात नसलं तरी पालक स्वतः लेखी विनंती करू शकतात आणि मूल्यमापन विनामूल्य असतं. विनंती लेखी आणि तारीख घालून करा. देश कुठलाही असो, फोनवर विचारायचा प्रश्न एकच: ‘तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या विकासाचं मूल्यमापन तुमच्याकडे कोण करतं, आणि त्यासाठी मला कुणाची चिठ्ठी लागते का?’ उत्तर ‘आमच्याकडे नाही’ असं आलं तर फोन ठेवण्याआधी विचारा, ‘मग कुणाकडे?’

आता तुमची ती तीन केंद्रं.

सहा महिन्यांत बोलतं करण्याची हमी देणारं केंद्र यादीतून आजच काढा. मूल कधी, किती बोलेल याची हमी कुणीही प्रामाणिक माणूस देत नाही, आणि तेही मुलीला न पाहता. अशाच दुकानदारीत पुढे आणखी गोष्टी येतात: ऑटिझम ‘बरा’ करणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल), शरीरातले जड धातू काढणारी औषधं, दाबाच्या पेटीतला प्राणवायू. यांतल्या कशाचाही ऑटिझमवर उपयोग सिद्ध झालेला नाही. धातू काढण्याच्या औषधांनी तर मुलांच्या जिवाला धोका झालेला आहे. आईबाप घाबरलेले असतात तेव्हाच या गोष्टी खपतात आणि त्याचा मला फार राग येतो.

तीस तासांच्या केंद्राचं उत्तर इतकं सरळ नाही. आठवड्याला तीस-चाळीस तासांची कल्पना बरीचशी १९८७ सालच्या एका गाजलेल्या संशोधनामागून आली. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. २०२४ साली लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या कित्येक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात जास्त तास दिले म्हणजे जास्त फायदा होतो असं दिसलं नाही. तुमच्या मुलीला ऑटिझम आहे की नाही हेही अजून कुणाला माहीत नाही. निदानाआधीच, पहिल्या फोनवर तीस तास सांगणाऱ्याने तिच्या गरजेचा हिशोब केला नाही, आपल्या वेळापत्रकाचा केला. तीन वर्षांच्या मुलीला खेळायला, लोळायला, कंटाळायलाही दिवस हवा.

प्रत्यक्ष भेटीत एकच गोष्ट सगळ्यांत बारकाईने बघा: मी आत बसू शकतो का? दार लावून घेणारं आणि ‘तुम्ही असलात की ती लक्ष देत नाही’ म्हणणारं केंद्र मला मान्य नाही. चांगली थेरपिस्ट तुमच्यासमोर मुलीशी खेळते, मग खेळणं तुमच्या हातात देते आणि म्हणते, आता तुम्ही करा. ती तुम्हाला शिकवते. मग विचारा, येत्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट काय? ‘बोलणं सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘हवी असलेली वस्तू बोट दाखवून, चित्र देऊन किंवा शब्दाने दिवसातून दहा वेळा मागेल’ हे उद्दिष्ट, कारण ते झालं की नाही हे तुम्हालाही मोजता येतं. आणि मुलगी रडली, नाही म्हणाली तर ती बाई काय करते ते बघा. जबरदस्तीने हात धरून करवून घेत असेल तर पदव्या कितीही असोत, तिथून उठा.

म्हणजे माझ्या मते तुमचं उत्तर असं: चार महिन्यांच्या रांगेत नाव ठेवा, ‘कुणी वेळ रद्द केली तर मला कळवा’ असं सांगून ठेवा, आणि या आठवड्यात कान, त्यानंतर लगेच एक नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट. हात-पाय-हालचालींत, कपडे घालण्यात, आवाज-स्पर्शाच्या त्रासात काही अडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एकदम पाच जणांची फौज उभी करू नका. दोन माणसं नीट निवडा आणि ती एकमेकींशी बोलतील असं बघा.

घरी एकाऐवजी दुसरी भाषा सुरू करायची का, असं अनेक पालक विचारतात, तुम्हीही कधीतरी विचाराल. दोन भाषांमुळे मुलाच्या बोलण्याला उशीर होतो याला आधार नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गोष्ट सांगता येते, तीच बोला. तसंच चित्रांची पाटी, खुणा, बोलणारं यंत्र यांची धास्ती बाळगू नका. हातात दुसरं साधन दिलं की मूल बोलणार नाही अशी समजूत आहे. अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात. सांगायची सोय मिळाली की मुलाला सांगण्याची गोडी लागते, आणि शब्द बहुधा तिच्या मागून येतात.

बालवाडीतून तिला काढू नका, निदान घाईने तरी नाही. तिच्या वयाच्या मुलांचं बोलणं, भांडणं, नक्कल करणं हे कुठल्याही थेरपीच्या खोलीत मिळत नाही. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकता यावं, शाळेने मुलांसाठी बदलावं, हे त्यांनी तिथे जाहीर केलं. ते अजून सगळीकडे उतरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या वाट्याला एक अशी बाई आली आहे जिने तुमच्या मुलीकडे लक्ष देऊन पाहिलं आणि तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत असून सांगितलं. असं सांगायला धीर लागतो. तिला भेटून आभार माना. मग विचारा, दिवसात कुठल्या वेळी ती हरवते, कुठल्या वेळी रमते. दिवसाचा क्रम चित्रांत लावता येईल का, तिला बाईंच्या जवळ बसवता येईल का, सूचना एका वेळी एकच देता येईल का, यावर बोला. यातल्या कशालाही डॉक्टरांचा कागद लागत नाही.

शेवटी तुमच्या पत्रातली ती ओळ. ‘बोलत नाही, नुसतं बोट धरून ओढते’ असं तुम्ही लिहिलंत. ही गोष्ट वहीत जरूर लिहा, तज्ज्ञांना तिचं महत्त्व कळेल. पण त्यातलं ‘नुसतं’ खोडा. तिला काही हवं आहे, ते तुमच्याकडून मिळेल हे तिला माहीत आहे, आणि ते ती तुम्हाला सांगते आहे. बोलण्याचा पाया हाच असतो. फुग्यांची बाटली फळीवर तिला दिसेल पण तिचा हात पोचणार नाही अशी ठेवा. ती बोट धरून नेईल तेव्हा जा, गुडघ्यांवर बसा, म्हणजे तुमचा चेहरा तिच्यासमोर येईल. बाटली हातात घ्या आणि मनात पाच आकडे मोजा. हे पाच आकडे फार लांब वाटतात, तरी घाई करू नका. तिने तुमच्याकडे नजर टाकली, हात पुढे केला, काहीही आवाज काढला, तर लगेच ‘फुगे’ म्हणा आणि फुगे उडवा. काहीच केलं नाही तरी तसंच करा, तिला ताटकळत ठेवायचं नाही. थांबा, पुन्हा बाटली धरा, पुन्हा पाच मोजा. ती ‘फुगे’ म्हणू लागली की तुम्ही ‘मोठे फुगे’ म्हणा. तिच्यापेक्षा एकच शब्द जास्त.

हा खेळ पहिल्यांदा तुमच्या पत्नीसोबत खेळा, एकाने बाटली धरायची, दुसऱ्याने बाजूला बसून बघायचं. आणि कानाचा अहवाल हाती आला की मला लिहा.